तटस्थ चार

उपग्रहाला महत्त्वाची आज्ञा पाठवण्याआधी आमच्या नियंत्रण कक्षात एक विचारणा होते. प्रमुख एकेका जागेचे नाव घेतो: ऊर्जा, तापमान, कक्षा, संदेशवहन. त्या जागेवरच्या माणसाने मोठ्याने ‘गो’ किंवा ‘नो गो’ म्हणायचे असते. कुणी काहीच बोलले नाही तर तो नकार धरला जातो आणि काम थांबते. जर्मनीत डार्मश्टाटला रुजू झाले त्याच आठवड्यात मी याचे कारण विचारले होते. गप्प बसलेला माणूस सहमत आहे, डुलकी घेतो आहे की त्याचा माइक बंद पडला आहे, हे मला माझ्या खुर्चीवरून कळत नाही, असे प्रमुख म्हणाला. “म्हणून मी वाईटात वाईट तेच धरतो,” असेही तो म्हणाला. गेल्या चार वर्षांत मी जे काही शिकले, त्यात इतके स्वच्छ दुसरे काहीही नाही. ते त्या खोलीबाहेरही चालेल असे मला वाटले, ही माझी चूक.

आम्ही राहतो त्या गावात मराठी माणसांचे एक छोटे मंडळ आहे. रीतसर नोंदलेली संस्था, इथल्या भाषेत फेराइन, म्हणजे नियमावली, कार्यकारिणी आणि प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त, म्हणजे प्रोटोकोल. कार्यकारिणीत आम्ही सातजण. बाई मी एकटी. माझा नवरा चिटणीस. माझी मैत्रीण कार्यकारिणीत नव्हती. ती रसायनशास्त्रात पीएचडी करत होती आणि दर शनिवारी मंडळातल्या नऊ मुलांना मराठी शिकवत होती. मुले तिला जर्मनमध्ये उत्तरे देत. ती न चिडता पुन्हा मराठीत विचारत असे. गेल्या वर्षी गणपतीसाठी ती त्यांचे लेझीम बसवत होती.

तालमीच्या हॉलची जबाबदारी कार्यकारिणीतल्याच काकांकडे होती. पन्नाशी उलटलेले, मोटारींच्या कारखान्यातले अभियंते. ते कुणाचेच सख्खे काका नव्हते, पण इथे उतरलेल्या प्रत्येकाला त्यांनी पहिल्या महिन्यात घर शोधून दिले होते, पत्त्याच्या सरकारी नोंदणीला, आनमेल्डुंगला, सोबत केली होती, जुना कुकर दिला होता. आमच्या स्वयंपाकघरातला कुकरही त्यांचाच.

एका रविवारी सकाळी नवऱ्याने फोन माझ्यापुढे धरला. बॅडमिंटनच्या नावाने पुरुषांचा एक ग्रुप होता. त्यात काकांनी मैत्रिणीचा तालमीतला फोटो टाकला होता: ओढणी कमरेला खोचून ती मुलांना वाकून पाऊल दाखवत असताना, तिच्या नकळत, पाठीमागून काढलेला. खाली लिहिले होते, ‘या बाईंच्या शिकवणीला आपणही नाव घालावं म्हणतो.’ त्याखाली हसरे चेहरे. एकाने लिहिले होते, ‘काका, आधी गुडघे तपासून घ्या!’ दुसऱ्याने, ‘फी किती?’

“हे बरोबर नाही,” नवरा म्हणाला.

“मग तिथे तसं लिहिलंस?”

“अगं, मी हसलोसुद्धा नाही. बघ ना, माझा इमोजी आहे का कुठे?”

त्याचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. मी त्याला त्या दिवशी मनातल्या मनात गुण दिले, हे आता लिहिताना लाज वाटते. पण लपवण्यासारखे माझ्याकडेही आहे. चार वर्षांपूर्वी काका मला सर्वांसमोर म्हणाले होते, “एवढी हुशार बायको म्हणजे नवऱ्याला रात्रीसुद्धा परीक्षाच!” तेव्हा सगळे हसले होते आणि मीही हसले होते. नवीन होते, कुकर नुकताच मिळाला होता.

फोटोची गोष्ट मी मैत्रिणीला सांगितली. ती म्हणाली, “मला दोनच गोष्टी हव्यात. ते तालमीला येणार नाहीत. आणि त्याच ग्रुपमध्ये कुणीतरी लिहावं, की हे चुकलं. एका पुरुषानं. बाई बोलली की तक्रार होते गं. पुरुष बोलला की मत होतं.”

“आणि कुणीच नाही लिहिलं तर?”

“तर मी तिथे उभी राहू शकणार नाही. पाठ कुणाकडे करायची, हाच विचार करत लेझीम शिकवू का?”

तिच्या दोन मागण्या मी ठराव म्हणून कार्यकारिणीपुढे मांडल्या. बैठकीपूर्वीच्या आठवड्यात तिघा सदस्यांनी मला स्वतंत्रपणे फोन केले. तिघांचेही शब्द जवळजवळ सारखेच होते: तुझं म्हणणं पटतं, काकांचं हे अति होतं, पण आमचं नाव घेऊ नकोस. मी अधिक तीन अधिक नवरा, काका वगळून सहा जणांपैकी पाच. हिशेब मला पक्का वाटला. एकेकटे जे बोलतात ते एकत्र बसल्यावर बोलत नाहीत, एवढाच प्रश्न आहे आणि तो पद्धतीचा आहे, असे मी स्वतःला समजावले. पद्धत तर माझ्याकडे होती.

बैठक दुपारी, त्याच हॉलच्या मागच्या खोलीत झाली. काका स्वतःहून उठले. “माझ्यावरच चर्चा आहे, तर मी कशाला? तुम्ही निवांत भांडा, मी चहा टाकतो,” असे म्हणून ते पलीकडच्या किचनमध्ये गेले. आले ठेचल्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. म्हणजे आमचा आवाज त्यांना.

“हात वर करून मत नको,” मी अध्यक्षांना म्हणाले. “एकेकाचं नाव घेऊन विचारा. प्रत्येकानं मोठ्यानं उत्तर द्यायचं.”

“हे काय रॉकेट सोडायचंय का?” अध्यक्ष हसले. पण त्यांनी विचारले.

मी म्हणाले, “बाजूने.”

फोन केलेल्या तिघांपैकी माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ टेबलाकडे पाहत म्हणाले, “मलाही दोन मुली आहेत. त्यामुळे वेदना कळते. पण काकांनी माझ्यासाठी जे केलंय... मी तटस्थ.”

दुसऱ्याने ग्रुपमध्ये फीची चौकशी केली होती. तो म्हणाला, “संदर्भ पूर्ण माहीत नसताना बोलणं योग्य नाही. तटस्थ.”

तिसरा इतक्या घाईने “गेनाऊ, बरोबर, मीपण” म्हणाला, की अध्यक्षांना पुन्हा विचारावे लागले, “मीपण काय?” “तटस्थ हो, तटस्थ.”

मग माझा नवरा. लॅपटॉपवरून त्याने मान वर केली नाही. “मी प्रोटोकोल लिहितोय,” तो म्हणाला. “चिटणिसानं बाजू घेऊ नये. माझंही तटस्थच धरा.”

किचनमधले ठेचणे थांबले होते.

“मी विरोधात,” अध्यक्ष म्हणाले. “घरातली गोष्ट घरात मिटवावी. आता नियम काय म्हणतो?”

नियम माझ्या नवऱ्यानेच वाचून दाखवला, स्पष्ट आणि शांत आवाजात. तटस्थ मते दिलेली मते म्हणून मोजली जात नाहीत. समसमान मते पडल्यास ठराव फेटाळला जातो. बाजूने एक, विरोधात एक. चौघांपैकी कोणीही ‘बाजूने’ हा एक शब्द बोलला असता तर पुरले असते. आमच्या कक्षात या चौघांनी काम थांबवले असते. इथे ते खोलीत नव्हतेच. विचारले की माणसे बोलतात, हे माझे गृहीतक खोटे ठरले नाही. प्रत्येकजण बोलला. न बोलण्यासाठीही एक शब्द असतो आणि तो नियमावलीत आहे, हे मी लक्षात घेतले नव्हते.

दार ढकलून काका ट्रे घेऊन आले. “घ्या, आलं जरा जास्तच पडलंय,” म्हणाले आणि पहिला कप माझ्यासमोर ठेवला.

घरी चालत येताना मी नवऱ्याला विचारले, “एक शब्द. तोही घरी तू आधीच बोलला होतास. काय अडलं?”

“मी विरोधात तर नाही ना दिलं मत?” तो म्हणाला. “आणि तू बोललीसच की. आपल्या घरातून एक मत गेलंच.”

माझे बोलणे त्याने आपल्या खात्यात केव्हा जमा केले, ते मला कळलेच नव्हते. कदाचित लग्नाच्या दिवसापासून ते तसेच चालत आले असेल: घरात अन्यायाबद्दल चिडणारे एक माणूस आहे, तेवढे दोघांना पुरे.

संध्याकाळी मी मैत्रिणीला फोन केला.

“बाजूने कोण कोण होतं?” तिने विचारले.

“मी.”

“आणि?”

माझ्या नवऱ्याबद्दल माझ्या तोंडून वदवून घ्यायचे नाही, असे तिने ठरवले असावे, कारण तिने पुन्हा विचारले नाही. “बरं,” म्हणाली. “लेझिमी तुझ्याकडे आणून ठेवते. नऊ आहेत.”

शनिवारचा वर्ग बंद झाला. मुलांना सांगण्यात आले की ताईंना अभ्यास आहे. गणपतीत मुलांनी काकांनी निवडलेल्या एका हिंदी गाण्यावर नाच केला, आणि तो चांगला झाला, असे सर्वजण म्हणाले. फोनवर जे तिघे माझ्याशी सहमत होते, त्यांतल्या दोघांनी मला बाजूला घेऊन सांगितले की माझे धाडस त्यांना आवडले. बॅडमिंटनच्या ग्रुपमध्ये तो फोटो अजून आहे.

बैठकीनंतरच्या बुधवारी नवऱ्याने प्रोटोकोल छापून आणला. “एकदा शुद्धलेखन बघतेस का? तुझं चांगलं आहे.” मी वाचला. बाजूने एक, विरोधात एक, तटस्थ चार. कुठेही चूक नव्हती. कागद टेबलावर ठेवून मी खिडकीपाशी जाऊन बसले. कोपऱ्यात लेझिमींची पिशवी होती.

“चहा घेणार?” त्याने स्वयंपाकघरातून विचारले.

मी काही बोलले नाही. तो थोडा वेळ थांबला असावा. मग नळ सुटल्याचा आणि दोन कप ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.