उपाशी बाटली

एमएस्सीला असताना मी चिलटं पाळली होती. पिकल्या केळ्यांवर घोंघावतात, तीच. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. दिवाळीत कॉलेजला कुलूप लागलं, म्हणून मी दोन बाटल्या नाशिकरोडच्या आमच्या घरी आणल्या. एकीतल्या चिलटांना रव्या-गुळाचं पोटभर खाणं, दुसरीतल्यांना अर्धपोटी. अर्धपोटी चिलटं जास्त जगतात का, ते मला बघायचं होतं. माझं सगळं वर्ष त्या बाटल्यांवर टांगलेलं होतं.

आई आधी नाक मुरडत होती. मग मी तिला समजावलं, की प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या चिमुकल्या चुली असतात. त्या अन्न जाळून ताकद देतात. वय झालं की त्याच कुरकुरायला लागतात. ताकद कमी, धूरच जास्त. बाटली टेबलावर आपटली की तरणी चिलटं सरसर वर चढतात, म्हातारी मध्येच टेकतात. बेतानं खाल्लं तर चुली जास्त टिकत असाव्यात, असं आमच्या सरांचं म्हणणं.

"कळलं," आई म्हणाली. मी खूश.

भाऊबीजेला चुलतभावाला ओवाळायला येवल्याला गेले, मुक्काम करून परतले, तर अर्धपोटी बाटलीत रव्याचा लाडू! चांगला बोराएवढा तुकडा, आणि चिलटं त्यावर तुटून पडलेली.

"आई, हे काय केलंस?"

"सणासुदीला घरात कुणी उपाशी राहायचं नाही. शेजारची बाटली खातेय आणि ही बिचारी बघत बसलीत. मला नाही बघवत."

मी थयथयाट केला. तिनं शांतपणे माझ्याही पुढ्यात फराळाचं ताट ठेवलं. प्रयोग पहिल्यापासून करावा लागला, तोही कॉलेजातच. अर्धपोटी चिलटं खरंच जास्त जगली.

पुढे दोन हजार सालानंतर आईला शुगर निघाली. पथ्याचा कारभार माझ्याकडे आला. अर्धी भाकरी, गोड बंद, आणि माझी करडी नजर. जिना चढताना ती मध्येच टेकायची. मला ती हवी होती, अजून खूप वर्षं हवी होती.

एका दिवाळीत पाहुणे फराळाला बसले होते. आई कोपऱ्यात बिनसाखरेचा चहा घेऊन. मागत काहीच नव्हती, नुसती बघत होती. मला नाही बघवलं. मी लाडू फोडला आणि बोराएवढा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

तिनं तो लगेच खाल्ला नाही. माझ्याकडे बघून हसली.

"आणि तुझा प्रयोग?"

"राहू दे," मी म्हणाले. "खा."