वरच्या मजल्यावरचं वाचन

लेक दहावीत असताना तिला मराठीला एक जुनी, छोटीशी कादंबरी होती. पोर इंग्रजी माध्यमातली. कडोसरी म्हणजे काय, पडवी कुठे असते, तिला काही कळेना. मी मराठीत एम.ए. केलेली, त्यामुळे बँकेतून आले की तिला घेऊन बसायचे. शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. आठवडाभर तिने मुकाट ऐकलं. मग म्हणाली, "आई, मी वर काकूकडे वाचू?"

काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ, पिंपळगावची. गंगापूर रोडच्या आमच्या घरात ती वरच्या मजल्यावर राहते.

"तिने कधी शिकवलंय?" मी म्हटलं.

"शिकवत नाही गं. नुसती वाचते. मला कळतं."

त्या दिवसापासून वरून दोघींचं हसणं ऐकू यायचं आणि माझी तव्यावरची पोळी करपायची. एकदा भाजीची वाटी द्यायचं निमित्त करून वर गेले. दार अर्धं उघडं होतं. जाऊ साडीच्या निऱ्यांपाशी किल्ल्या खोचून उभी होती. "ही बघ कडोसरी. आता कितीपण पळ, पडायच्या नाहीत!"

लेकीने हसत पुढचा प्रश्न वाचला. "नायिका माहेरी का जात नाही?"

मी तिला उत्तर लिहून दिलं होतं: स्वाभिमानी स्वभावामुळे.

जाऊ खाली बसली. "जाऊन सांगणार काय गं ती? नवरा मारत नाही, उपाशी ठेवत नाही. फक्त बोलत नाही. हे आईला कसं सांगायचं?"

लेक तिच्याकडे बघतच राहिली. माझ्याकडे तिने असं कधी पाहिलं नव्हतं. वाटी तशीच घेऊन मी खाली आले.

"उद्यापासून इथेच वाचायचं," मी फर्मान काढलं. ती बसली. विचारलं तेवढं सांगायची, जांभया द्यायची. दोन दिवसांनी मीच म्हटलं, "जा वर."

शेवटच्या प्रकरणाला जावेने जिन्यातून हाक मारली, "ताई, तुम्ही पण या ना."

गेले. ती वाचत होती. शेवटच्या पानावर तिचा आवाज कातर झाला आणि माझेही डोळे भरून आले. लेक उठली, पाणी घेऊन आली आणि पेला काकूच्या हातात दिला. तिच्याजवळ बसत तिने मला विचारलं, "आई, तुला पण हवंय?"

मी नको म्हटलं.