सोनवणेबाईंच्या चार ओळी

गेल्या रविवारपर्यंत ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. चौदा वर्षांपूर्वी एका बातमीतून मी एका बाईंचं नाव काढलं, आणि ते दुसऱ्या कुणी काढलं असं त्यांना सांगितलं. त्या बाई, पुष्पा सोनवणे, पाच आठवड्यांपूर्वी गेल्या. त्यांच्या मुलीचा, अमृताचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका नव्या संशोधनाची बातमी लिहीत होतो. "काका, आई गेली. सकाळी," एवढंच ती म्हणाली. मी "हो" म्हणालो, फोन खाली ठेवला आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. पूर्णविरामसुद्धा दिला. 

मी विद्यापीठाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत प्रसिद्धीचं काम बघतो. आमच्या डॉक्टरांना जे सापडतं ते साध्या मराठीत लिहून वर्तमानपत्रांकडे पाठवायचं, हे माझं काम. सोनवणेबाई तिथेच, दुसऱ्या मजल्यावरच्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांना तिथे बरीच वर्षं झाली होती. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या टेबलावर कागद ठेवायला गेलो तर म्हणाल्या, "अहो कुलकर्णी, इथे रक्त असतं, शाई तिकडे." पुढे ओळख वाढली तरी माझं नाव 'अहो कुलकर्णी'च राहिलं. डबा आम्ही एकत्र खायचो. त्यांच्या डब्यातली मेथीची भाजी मी उचलायचो आणि त्या माझ्या डब्याकडे बघून "हे वरण आहे की पाणी गरम केलंय?" असं विचारायच्या. तक्रार त्यांनी कधी केली नाही, टोमणे मात्र रोज. प्रत्येक नमुन्याची नोंद संस्थेच्या रजिस्टरात करून झाल्यावर त्या तीच नोंद स्वतःच्या एका वहीतही करायच्या. नळी कुठून आली, किती वाजता पोचली, कशातून आली... रजिस्टरात या गोष्टींना रकानाच नव्हता. "रकाना नाही म्हणून गोष्ट घडत नाही असं थोडंच आहे," त्या म्हणायच्या.

त्या वर्षी आमच्या बालरोगाच्या विभागप्रमुख मॅडम हैराण झाल्या होत्या. शहराबाहेरच्या काही दवाखान्यांतून नवजात बाळांचं रक्त काविळीच्या तपासणीसाठी आमच्याकडे यायचं. बाळ डोळ्यांना पिवळंधमक दिसतंय आणि आकडा मात्र बरा येतोय, असं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. यंत्र तपासून झालं, रसायनं बदलून झाली. एका बैठकीत सगळे बोलून थांबल्यावर बाई मागून म्हणाल्या, "मॅडम, मला दुपारच्या डब्यातले आकडे पटत नाहीत." रक्त आणणारा माणूस नळ्या प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यात घालून तो डबा स्कूटरवर पुढे, पायांशी ठेवायचा. सकाळी गोष्ट वेगळी, पण दुपारी तासभर ऊन थेट नळ्यांवर. काविळीत रक्तात जे पिवळं द्रव्य वाढतं ते उजेडात विरतं. म्हणून तर त्या बाळांना दिव्याखाली ठेवतात. नळीतल्या रक्ताचंही तेच होतं, हे पुस्तकात लिहिलेलं आहे आणि त्या खोलीतल्या प्रत्येक डॉक्टरने ते वाचलेलं होतं. मॅडम नंतर मला म्हणाल्या, "वाचलं होतं हो सगळ्यांनी. पुस्तक स्कूटरवर बसत नाही ना." बाईंनी त्याआधीच आपल्यापुरती खात्री करून घेतली होती. तपासून उरलेलं रक्त दोन नळ्यांत घेतलं, एक खिडकीत ठेवली आणि दुसरी स्वतःच्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात झाकण लावून. तो डबा त्यांनी पुन्हा घरी नेला नाही. नवीन घेतला.

पुढे विभागाने रीतसर अभ्यास केला, आकडे जुळवले, शोधनिबंध छापून आला. त्या दवाखान्यांची नळ्या पाठवायची पद्धत बदलली. तोवर बाईंनी जुन्या छत्रीचं काळं कापड कापून नळ्यांना छोट्या पिशव्या शिवून दिल्या होत्या. कित्येक महिने रक्त त्या पिशव्यांतून आलं. बातमी लिहायला बसलो तेव्हा मॅडमनी मला बजावून सांगितलं, "हे सोनवणेबाईंनी पकडलं. नाव आलं पाहिजे." मी लिहिलंही. वही, डबा, काळ्या पिशव्या, सगळं चार ओळींत. चांगल्या ओळी होत्या. मी त्या बाईंना वाचून दाखवल्या. त्या चष्मा काढून पुसत राहिल्या आणि म्हणाल्या, "मेथीची भाजी नाही ना घातलीत त्यात?"

आमच्याकडे एक दंडक होता. प्रसिद्धीपत्रक एका पानाचंच असायचं. माझ्या पहिल्या साहेबांनी घालून दिलेला. दुसरं पान कुणी उलटत नाही, असं ते म्हणायचे. पत्रक चार ओळींनी लांबत होतं. तळाला 'अधिक माहितीसाठी संपर्क' असं लिहून त्याखाली माझं नाव, हुद्दा आणि फोन होता, ठळक टायपात. त्याच महिन्यात मला बढती मिळाली होती आणि नव्या हुद्द्यानिशी पाठवायचं ते पहिलंच पत्रक. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत आपल्याला नावाने ओळखावं असं मला फार वाटायचं. अक्षर बारीक करता आलं असतं. मॅडमच्या पदव्या कमी करता आल्या असत्या. माझा हुद्दा काढता आला असता... मी बाईंच्या चार ओळी काढल्या. दोन मिनिटांत. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. जागेशिवाय माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, असं मी स्वतःला चौदा वर्षं सांगत आलो. पण कापायची वेळ आल्यावर हात सरळ सोनवणे या नावावर गेला, डॉक्टरांच्या नावांवरून तो फिरलासुद्धा नाही. माझ्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणाचं नाव कुठून गळलेलं नाही. त्यांच्या घरात ते पहिल्यांदाच छापून येणार होतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

बातमी बऱ्याच पेपरांत आली. मॅडमचा फोटो आला. एका पेपरात 'अशी माहिती कुलकर्णी यांनी दिली' असंही आलं. जेवायच्या सुट्टीत बाई पेपर बगलेत घेऊन माझ्या खोलीत आल्या. "अहो कुलकर्णी, मी कितव्या पानावर आहे? शोधत शोधत गेले तर क्रिकेट लागलं." मी म्हणालो, "बाई, मी दिलं होतं. पेपरवाल्यांनी कापलं. जागा नसते त्यांच्याकडे." इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. त्यांनी पेपर टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. जाहिरातींतून उरलेल्या जागेत माणसं बसणार किती! जाऊ द्या, तुम्ही कशाला तोंड पाडता? चला, जेवायला." माझं तोंड पडलं होतं ते त्यांनी माझ्या चांगुलपणाच्या खात्यावर लिहून टाकलं.

खोटं एकदा बोललं की संपत नाही. दरवर्षी संस्थेच्या अहवालात महत्त्वाच्या संशोधनांची यादी येते आणि तिच्यातला मजकूर माझ्या जुन्या पत्रकातूनच उचलला जातो. दरवर्षी तो माझ्या नजरेखालून जायचा. नाव घातलं असतं तर कुणी विचारलं असतं, हे आधी का नव्हतं? बाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचं भाषण मीच लिहून दिलं. त्यात निष्ठा होती, वक्तशीरपणा होता, हसतमुख स्वभाव होता. काविळीचा शब्द नव्हता. बाई ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, "छान लिहिलंत. कुणालाही लागू पडेल."

चार वर्षांनी त्यांची मूत्रपिंडं बिघडली. मी बिबवेवाडीला त्यांच्या घरी भेटायला गेलो, ती शेवटची भेट. खूप वाळल्या होत्या. पण त्या दिवशी रक्त न्यायला आलेल्या माणसाने नळी उघड्यावरच बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात खोचली म्हणून त्याला कसं झापलं, ते रंगवून सांगत होत्या. अमृताने चहा आणला. बाई एकदम म्हणाल्या, "काय हो, माझं नाव कापणारा तो पेपरवाला तुम्हाला पुढे कधी भेटला का?" थट्टाच होती. वर्षातून एकदा तरी त्या विचारायच्याच. खोलीत आम्ही तिघंच होतो, मला कसलीही घाई नव्हती. मी कपाकडे बघत म्हणालो, "नाही, बाई." "भेटला तर सांगा, मी अजून आहे म्हणावं." ...त्यानंतर अकराव्या दिवशी त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वस्तीतल्या बुद्धविहारात गेलो. वंदना झाली, मग एकेक जण उठून बाईंविषयी बोलले. संस्थेतर्फे मला बोलायला सांगितलं. आज सांगायचं, असं ठरवून गेलो होतो. समोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसलेली, त्यांच्यापुढे बाईंचा फोटो. मी उभा राहिलो आणि त्यांच्या वक्तशीरपणावर बोललो. खाली उतरल्यावर अमृता जवळ येऊन म्हणाली, "काका, आईचं नाव यावं म्हणून तुम्ही त्या वेळी खूप भांडला होतात ना. आई नेहमी सांगायची." मी भांडलो होतो, हे मी बाईंना कधीच सांगितलेलं नव्हतं. ते त्यांनी आपल्या मनाने माझ्या बाजूने घातलं होतं.

गेल्या रविवारी पुन्हा बिबवेवाडीला गेलो. अमृता खराडीला एका कंपनीत आहे, रविवारीच घरी सापडते. सगळं सांगितलं. पत्रक, टाइप, हुद्दा, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी सहावीत होते. वर्गात सांगून ठेवलं होतं मी, उद्या माझी आई पेपरात येणार. वर्गाच्या बाईंनी पेपर आणायला लावला होता." पुढे म्हणाली, "काका, आई दरवर्षी त्या पेपरवाल्याला नावं ठेवायची. आणि तुम्हाला डब्यातून भाजी पाठवायची." मग तिने विचारलं, "ते पत्रक तुमच्या वेबसाइटवर अजून तसंच आहे?" मी हो म्हणालो. "मग बदला. किती वेळ लागतो त्याला?" सोमवारी बदललं. दहा मिनिटं लागली. मॅडम आता निवृत्त आहेत, त्यांनाही फोन करून सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

हे सगळं लिहून छापू का, असंही मी अमृताला विचारलं होतं. "लिहा," ती म्हणाली. "फक्त आईला बिचारी करू नका. ती नव्हती तशी." दारापर्यंत सोडायला आली. मी तिची माफी मागायला लागलो तर तिने हात वर करून थांबवलं. "माझी नका मागू, काका. माझं नाव नव्हतं कापलं तुम्ही."

बरोबर बोलली ती. माफी सोनवणेबाईंची मागायची होती. त्या असताना, त्यांच्या तोंडावर, 'मी कापलं' असं सांगून. ती मी मागितली नाही. तेवढं माझ्याकडून त्यांचं राहिलं आहे.