उघाडीची फळी

यमुना गेल्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं, चपला घातल्या आणि डोंबिवलीला गेले. रडले नाही. रडणाऱ्या बायकांचा तिलाच राग यायचा. आता महिना होऊन गेला... माझं शिक्षण चौथीपर्यंत, सजवून लिहिता येत नाही. माझी धाकटी जाऊ कशी होती तेवढं सांगते.

तिचं माहेर खाडीकाठचं, मिठागरातलं. भरतीचं पाणी आत घ्यायच्या दाराला उघाडी म्हणतात, आणि ते अडवायला एक जाड लाकडी फळी असते. पाण्यावरून तंटा झाला की ती फळी काढून तिसऱ्याच घरी ठेवायची, आणि दोन्ही बाजूंची माणसं हजर असल्याशिवाय हलवायची नाही, असा तिथला रिवाज. ती यमुनाच्या बापाकडे असे. इंग्रज गेले त्या सुमाराला जुन्या मालकाच्या मक्त्याची मुदत संपली आणि उघाडी गावाकडे आली. मालकाला ते सोसवेना, तंटा झाला. तो यमुनाच्या बापाच्या ओटीवर बसून पान खात गोड बोलत राहिला, आणि तेवढ्यात त्याच्या माणसांनी मागच्या दारानं फळी उचलून नेली. दुसऱ्या दिवशी बांधावर मारामारी झाली. त्यात यमुनाचा थोरला भाऊ गेला. फळी नंतर चिखलात सापडली. लग्न होऊन ती कल्याणला आमच्या घरी आली ती ही फळी घेऊनच. तिच्यावर बसून भाकऱ्या थापायची.

तिचा नवरा, म्हणजे माझे धाकटे दीर नामदेव, इंग्रज कंपनीच्या आगबोटीवर बॉयलरपाशी कामाला होते. छप्पन साली मिसरनं, म्हणजे इजिप्तनं, सुएझचा कालवा ताब्यात घेतला आणि विलायतेचं सरकार खवळलं. गणपती उरकले की नामदेवना बोटीवर चढायचं होतं, आणि बोट त्याच कालव्यातून जाणार होती. संध्याकाळी सासरे ओट्यावर पेपर मोठ्यानं वाचत.

"लंडनला बोलणी चाललीत, आपली माणसंही मध्यस्थीला आहेत," ते म्हणाले. "लढाई कशाला होतेय?"

आतून यमुनानं विचारलं, "मामा, बोलणी चाललीत तर पलटणी कशाला गोळा करतायत? आत्ताच वाचलंत ना?"

"धाक दाखवायला गं."

"फळी उचलली त्यांनी. हे बोटीवर जायचे नाहीत."

नामदेव हसले. "तुझं मिठागर कुठं आणि विलायत कुठं! जगावर राज्य केलंय त्यांनी."

"केलेलं. मालकी गेलेल्यालाच जास्त खुमखुमी असते."

निघायच्या दिवशी तिनं त्यांची पत्र्याची ट्रंक रिकामी केली, तिच्यात घरातलं वर्षाचं मीठ ओतलं आणि वर बसली.

"ऊठ," नामदेव म्हणाले.

"नाय उठणार. भाऊ एक दिला, पुरे."

सासरे ओरडले, मी समजावलं, शेजारीपाजारी जमले. ती हलली नाही. बोट दुसऱ्या माणसाला घेऊन गेली.

दिवाळीत सासऱ्यांनी वाचलं, इस्रायलनं मिसरवर हल्ला केला, आणि इंग्रज-फ्रेंच त्या दोन्ही देशांना सांगतायत, कालव्यापासून मागं व्हा, राखण आम्ही करतो. मग मिसरवर बॉम्बही इंग्रज-फ्रेंचांनीच टाकले. इस्रायल धरून तिघांचं आधीच ठरलेलं, हे मागाहून कळलं. कालव्यात बोटी बुडाल्या, वाट बंद झाली. सासऱ्यांनी पेपराची घडी घातली.

पण खरं ते सांगायला हवं. नामदेवांची बोट त्यात सापडलीच नाही. आफ्रिकेला वळसा घालून सगळे सुखरूप परतले. नाक्यावर लोक नामदेवना "बायकोचा खलाशी" म्हणायचे. ते कल्याणजवळच मोहन्याच्या कारखान्यात लागले आणि कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. पुन्हा समुद्रावर गेले नाहीत ते नाहीतच.

मी एकदा म्हटलं, "बोट तर आली गं."

"आली, बरं झालं. हसू दे लोकांना. ज्याला हसतात तो जिवंत हाय ना?"

तिच्या तेराव्याला तिच्या दोघा मुलांनी डोंबिवलीची खोली कुणाची हा विषय काढला. थोरला माझ्यापाशी बसून गोड बोलत होता, "काकू, समजुतीनं घेऊ." धाकट्यानं तोवर कपाटाचं कुलूप बदललेलं. मी उठले, स्वयंपाकघरातली फळी काखोटीला मारली आणि रिक्षात बसले.

आता ती माझ्याकडे भिंतीला टेकून उभी आहे. दोघं मिळून आले तर फळी मिळेल. एकटा आला तर चहा मिळेल.