शाळा सोडण्याचे कारण

शारजातल्या एका भारतीय शाळेच्या ऑफिसात मी अकरा वर्षं दाखले भरले. दाखल्यावर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. एका मुलीच्या बाबतीत तो मी खोटा भरला. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे सबब शोधता येणार नाही.

२००८ च्या मंदीनंतर दाखल्यांसाठी रांग लागू लागली. अल मजाज भागातले, माझ्याच बिल्डिंगमधले लोक त्यात असत. पुण्या-मुंबईचे, कालपर्यंत मॅनेजर. नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि महिन्याभरात देश सोडायचा. पण ‘नोकरी गेली’ असं कुणी म्हणत नसे. मीही न विचारता ‘वडिलांची बदली’ लिहायचो. आपल्या माणसाची अब्रू झाकायची, ही आमची रीत. ज्याची कंपनीच बंद पडली, त्याचीही मी बदली केली आहे.

त्याच रांगेत एक वडार जोडपं मुलीला घेऊन आलं. बाप दुबईत रास अल खोरला संगमरवराच्या कारखान्यात फोरमन. दगड फोडणाऱ्यांच्या पालावरून तो तिथवर पोचला होता. शारजाच्या रोल्ला भागात एका फ्लॅटच्या एका खोलीत तिघं राहायची. मुलगी सहावीत, घराण्यात शाळेची पायरी चढलेली पहिली. कारखाना बंद झाल्यावर शाळेची बस परवडेना, तेव्हा आई तिला उन्हातून चालत आणू लागली. पहिला तास बुडायचा. हजेरीपटावर लाल शेरे साठले. गणितात मात्र ती वर्गात पहिली होती. हे मला माहीत होतं.

आधीच्या माणसाचा दाखला मी मोठ्यानं वाचला होता, तो बापानं ऐकला. म्हणाला, “साहेब, माझी पण बदलीच लिहा की.”

मी हसलो. “पाथरवटाची कसली बदली?”

रांगेतलेही दोघं-तिघं हसले. तो हसला नाही. मी इंग्रजीत लिहिलं, अनियमित, अभ्यासात रस नाही. आईनं विचारलं, काय लिहिलं? नेहमीचंच असतं, मी म्हणालो. पण मुलगी वाचत होती.

“सर, दॅट्स नॉट ट्रू.”

यल्ला, पुढचे कोण, असं म्हणून मी कागद सरकवला.

दोन वर्षांनी तिच्या आईचा ऑफिसात फोन आला. गावच्या हेडमास्तरांनी तो दाखला सगळ्यांदेखत मराठी करून वाचला होता. दुबईला नेली तरी वडाराची पोर ती वडाराचीच, असं म्हणून तिला चौथीत बसवलं होतं. पोरीनं वर्षभर ते सोसलं, मग शाळा सोडली. आता ती आईबरोबर खडी फोडत होती.

“तिला रस नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं साहेब?”

लाइन खराब आहे म्हणून मी फोन ठेवला. लाइन चांगली होती.

आता मी निवृत्त होऊन भारतात परतलोय. गरिबाला शिक्षणाची किंमत नसते, असं इथल्या बागेतल्या बाकावर माझ्या वयाचे पेन्शनर आजही सांगतात. सरकारी आकडे काढा, म्हणतात. ते रकाने कुणी भरले, ते मी त्यांना सांगतो. हल्ली माझ्या शेजारी कुणी बसत नाही. न का बसेनात.

मागच्या वर्षी मी शाळेला फोन केला. “जुनं रेकॉर्ड बदलत नाही अंकल, खलास,” असं तिथला क्लार्क म्हणाला. व्यवस्थापनातल्या एकानं गप्प बसायचा सल्ला दिला. मला आता कामावरून काढणार कोण?

कारखान्यातल्या एका जुन्या कामगाराकडून मुलीचा नंबर मिळाला. सतरा नंबरचा फॉर्म भरून, शाळेबाहेरून, तिनं पंचविशीत दहावी केली होती. नवा दाखला मिळवायला धडपडतोय, नाहीच मिळाला तर हे सगळं लिहून छापेन, असं मी सांगितलं.

“दाखला आता मला नको. पण छापा. त्या बदल्यांसकट छापा.”

तर बदल्यांसकट छापतो. त्या वर्षी एकाचीही बदली झाली नव्हती. माझ्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, अगदी त्या फोरमनसारख्याच. आणि सहावीतल्या त्या मुलीच्या रकान्यात यापुढे असं वाचावं: वडिलांची नोकरी गेली. अभ्यासात रस होता. भर उन्हात चालत येण्याइतका.

शिक्का माझ्याकडे नाही. अक्षर तेच आहे.