कमरेवरची चीर

परकराची नाडी कमरेला जिथे आवळली जाते, तिथे माझ्या कातडीवर कित्येक वर्षांचा काळा पट्टा आहे. रोज साडी नेसणाऱ्या पुष्कळ बायकांना तो असतो. नाडी अशी बांधायची, की संध्याकाळपर्यंत निऱ्या हलता कामा नयेत, हे माझ्या आईने मला शिकवलं होतं. सैल नेसणं तिला गबाळेपणाचं वाटे. डोंबिवलीच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा आणि निवृत्त झाल्यावरही मी तिचंच ऐकलं.

गेल्या दिवाळीनंतर त्या पट्ट्यावर चीर पडली. ती खाजायची, खपली धरायची, पुन्हा फुटायची. मी हळद आणि खोबरेल तेल लावलं, वर मऊ कापडाची घडी ठेवली आणि त्यावरूनच नाडी आवळली. दर रविवारी शिवणाच्या टेपने चीर मोजून आकडा वहीत लिहायचे. आकडा वाढत होता. तरी तुमच्या आजोबांना सांगितलं नाही, आणि तुम्हा नातवंडांचा फोन आला की मी छान आहे म्हणायचे.

मग एका दुपारी मोबाइलवर वाचत बसले. माणूस घाबरला की मेंदू निरोप धाडतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं रसायन सोडतात, आणि हे फार काळ चाललं तर शरीराच्या राखणदार पेशी मंदावतात. कातडी स्वतःही अशी रसायनं बनवते म्हणे. कर्करोगाला याने बळ मिळत असावं, असं लिहिलं होतं. माणसांमध्ये हे अजून नक्की सिद्ध झालेलं नाही, असंही त्याखाली होतं. ते वाक्य मी वाचलं आणि सोडून दिलं.

त्या दिवसापासून मला माझ्या भीतीचीच भीती वाटू लागली. छातीत धडधडलं की वाटायचं, सुटलं ते रक्तात, आता कमरेशी पोहोचेल. शांत राहायचं म्हणून सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी दीर्घ श्वास घ्यायला बसायचे आणि श्वास मोजता मोजता घामाने भिजायचे. डॉक्टरकडे गेले आणि त्यांनी कर्करोग म्हटलं, तर त्या धक्क्यानेच तो पसरेल, असा हिशेब मी मांडला होता. म्हणून गेलेच नाही.

श्रावणात टेंभी नाक्याजवळ माझ्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेले होते. साडी बदलताना तिने कमर पाहिली.

“ताई, जगाला इंग्रजी शिकवलंस आणि स्वतः हळद चोपडत बसलीस?” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती मला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी कातडीचा तुकडा तपासणीला पाठवला. अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या दिवसांत मला जेवण गेलं नाही.

अहवालात कातडीचा कर्करोग निघाला. वर्षानुवर्षांच्या घासण्याने तो त्याच जागी झाला असावा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. वयाने त्या माझ्या मुलीसारख्या. मी विचारलं, “माझ्या घाबरण्यामुळे वाढला का?”

त्यांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. “आजी, तसं मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. पण घाबरून तुम्ही इतके महिने आला नाहीत, तेवढ्या काळात तो वाढला.”

घरी येऊन तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, दुखतं का. मी हो म्हटलं.

परवा ऑपरेशन आहे. चीर आणि भोवतालची कातडी काढतील. जांघेत एक बारीक गाठ हाताला लागते, तीही तपासणार आहेत. ती साधी असेल किंवा रोग तिथवर पोहोचला असेल. दिवसातून कितीदा तरी माझा हात तिकडे जातो. मी खूप घाबरले आहे, हे या वेळी तुम्हाला आधीच सांगते आहे.