उष्टी फुंकनळी

भाऊजी, तुमच्याबद्दल लिहायला बसलेय. मध्येच "वहिनी, असं नव्हतं हो" म्हणून तोंड घालू नका. सूड तुम्ही उगवलात, तो तसाच लिहिणार. साखर पेरायला मला जमत नाही. आता गप्प बसा, मी वाचणाऱ्यांना सांगते.

माझे धाकटे दीर काचेच्या कारखान्यात प्रयोगशाळेचे चंबू फुंकायचे. तिथली रीत अशी, की मोठ्या चंबूला पहिली फुंकर मुकादमाची. मग तीच उष्टी नळी दुसऱ्याच्या तोंडात. पुसत बसलं तर काचेचा गोळा थंड होतो. साथीच्या दिवसांत मुकादम खोकत भट्टीवर आला.

"ताप नाही ना, दादा?" दिरांनी विचारलं.

"छे रे, धुराचा ठसका!" म्हणत त्याने नळी पुढे केली.

दिरांना विषाणूचा न्यूमोनिया झाला. प्राणवायूवर कसेबसे तगले, घरी आले, जेवूखाऊ लागले. वर्षभराने पुन्हा स्कॅन केलं, तर फुफ्फुसांच्या तळाशी धुरकट पट्टे आणि वण होतेच.

"बरंचसं निवळलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण हे वण राहतील. वाढतीलच असं नाही. चाला, जिने चढा, लक्ष ठेवू."

"आणि मोठा चंबू?"

"तो विसरा आता."

मालकाने त्यांना तयार माल तपासायच्या टेबलावर बसवलं. मुकादम मात्र सांगत सुटला, "ठणठणीत झालाय की! नुसती कामचुकारी." ते ऐकून दिरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना भरपाई नको होती. सगळ्यांसमोर मुकादमाच्या तोंडून एवढंच हवं होतं: मला ताप होता.

मग ते मुकादमाचा प्रत्येक चंबू उजेडात धरू लागले. केसाएवढा बुडबुडा दिसला की खळ्ळकन भंगारात! इतरांना जे बुडबुडे माफ, ते मुकादमाला नाहीत.

"डोळे फुटले का तुझे?" मुकादम ओरडायचा.

"डोळे शाबूत आहेत, दादा. गेलं ते दुसरंच."

एकदा सकाळचा जवळजवळ सगळा माल फुटला, तेव्हा मुकादम भर कारखान्यात किंचाळला, "हो, होता ताप! घरी बसलो असतो तर भट्टी दुसऱ्याच्या हातात गेली असती. झालं समाधान?"

दिरांनी उरलेला एकच चंबू उजेडात धरून नीट निरखला. निर्दोष होता. तोही फोडला.

"हे त्या दिवशी बोलायचं होतंस."

मुकादमाने काम सोडलं. पुढे त्याचा निरोप आला, एकदा भेटून जा. घर तिसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं, "चला भाऊजी, मी येते बरोबर. थांबत थांबत चढू."

"वहिनी, मला दम लागतो."

"आणि काल गच्चीवरची टाकी बघायला चढलात ते?"

"ते आपले जिने."

"बरं, मग उद्या?"

"उद्या बघू."

मुकादम लेकीकडे कायमचा राहायला गेला, त्याच्या दाराला कुलूप लागलं. आमचं जायचं राहिलं ते राहिलंच.